उपकेंद्रातली सगळी घड्याळं एका वेळेवर आणायची, तर

परभणी जिल्ह्यातलं एक ३३/११ केव्ही उपकेंद्र. वळवाच्या पहिल्याच वादळात रात्री शेतीच्या फिडरवर बाभळीची फांदी पडली. फिडरचा ब्रेकर उडाला आणि त्याच्यासोबत ट्रान्सफॉर्मरचा इन्कमर, म्हणजे सगळ्या फिडरना मिळून पुरवठा देणारा ब्रेकरही उडाला. एका फिडरच्या दुखण्यापायी सगळं उपकेंद्र अंधारात गेलं. सकाळी मी लॅपटॉप घेऊन पोचलो तेव्हा शोधायचं एवढंच होतं की आधी कोण उडालं. फिडर आधी आणि पाठोपाठ इन्कमर, असं असेल तर फिडरच्या ब्रेकरची यंत्रणा जड झालीय, म्हणजे मेंटेनन्सचं काम. इन्कमर आधी उडाला असेल तर सेटिंग चुकलंय, म्हणजे आम्हा टेस्टिंगवाल्यांचं काम.

फिडरच्या रिलेत, म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकरला उडायची आज्ञा देणाऱ्या यंत्रात, नोंद होती ०२:१४:०७.३१२. इन्कमरच्या रिलेत आदल्या तारखेची २०:४३:५१.६९०. आणि ट्रान्सफॉर्मरच्या ३३ केव्ही बाजूच्या रिलेचं म्हणणं असं की हे सगळं १ जानेवारी २००० रोजी घडलं. ऑपरेटर काका चहा पुढे करत म्हणाले, "साहेब, त्या घड्याळांच्या नादी लागू नका. लाईट गेली तेव्हा मी मोबाईल बघितला, सव्वादोन वाजले होते."

रिले लाखाचे आणि साक्ष मोबाईलची. तीन दिवस दोन कार्यालयांत पत्रं फिरली, निष्पन्न काही नाही. त्यानंतर त्या उपकेंद्रात वेळ जुळवायची व्यवस्था बसवली. ती कशी बसवायची, कुठे हात पोळतात, ते इथे क्रमानं लिहितोय. उपकेंद्रात काम करणारे कनिष्ठ अभियंते, टेस्टिंगची पोरं आणि स्कॅडाचं (दूरवरून देखरेख आणि नियंत्रणाचं) काम घेणारे ठेकेदार यांच्यासाठी.

आधी ठरवा, किती अचूक हवं

इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. ब्रोशरमध्ये 'नॅनोसेकंद' दिसलं की खरेदीच्या टिपणीत तो शब्द येतो आणि अंदाजपत्रक दुप्पट होतं.

आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची. फिडर आणि इन्कमर यांच्या रिलेंमध्ये आपण साधारण २५० ते ३०० मिलिसेकंदांचं अंतर ठेवतो. कोण आधी उडालं हे ठरवायला ५ मिलिसेकंदांची चूकसुद्धा चालते. घटनाक्रमाच्या नोंदी १ मिलिसेकंदापर्यंत जुळल्या की वितरणाच्या उपकेंद्राचं काम झालं. ऊर्जा मीटरला तर सेकंदही पुरतो. त्याचा हिशोब १५ मिनिटांच्या ब्लॉकवर चालतो, दिवसाचे ९६ ब्लॉक. पण तिथे घड्याळ पाच मिनिटं मागे असेल तर टीओडी दराच्या (दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराच्या) वेळेत युनिट इकडचे तिकडे होतात. सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प त्याच उपकेंद्राला जोडलेला असेल तर मग त्या युनिटांवरून भांडण ठरलेलं.

मायक्रोसेकंद कुणाला लागतो? सिंक्रोफेझर, म्हणजे दूरदूरच्या केंद्रांतल्या व्होल्टेज-करंटच्या लहरींचे कोन एकाच वेळेवर ताडून मोजणाऱ्या पीएमयू या यंत्राला. ५० हर्ट्झवर १ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश, त्यामुळे फेज अँगल मोजणाऱ्याला मिलिसेकंद निरुपयोगी. पीएमयूच्या मानकातली १ टक्क्याची मर्यादा नुसत्या वेळेच्या चुकीत मोजली तर ती ३२ मायक्रोसेकंदांच्या आसपास येते. लाईनच्या दोन्ही टोकांवरून ट्रॅव्हलिंग वेव्हनं फॉल्टची जागा शोधायची असेल तर १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे दीडशे मीटर. हे सगळं पारेषणाच्या मोठ्या केंद्रांचं विश्व. शेंदऱ्याच्या नाहीतर लातूरच्या एमआयडीसीतल्या ३३/११ उपकेंद्राला त्याची गरज नाही. ज्यांना आहे त्यांच्यासाठी पुढे पीटीपी या जास्त अचूक पद्धतीवर थोडं लिहिलंय.

आणि घड्याळं न जुळल्याचा ताप फक्त आपल्यालाच होतो असं नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडात जो प्रचंड अंधार झाला, त्याच्या चौकशीत नोंदी एकमेकींशी जुळवण्यातच फार वेळ गेला, कारण बऱ्याच यंत्रांची घड्याळं जुळलेली नव्हती.

मग पॅनलपुढे वही घेऊन उभे राहा

ऑफिसात बसून यादी करू नका. प्रत्येक पॅनल उघडा आणि लिहा: रिलेचं मॉडेल, फर्मवेअर, मागे इथरनेटचं पोर्ट आहे की नुसतं आरएस-४८५ हे सिरियल पोर्ट, आयआरआयजी-बीचं (वेगळ्या तारेवरून वेळ देणाऱ्या संकेताचं) टर्मिनल आहे का, मेनूत एसएनटीपी (नेटवर्कवरून वेळ घ्यायची पद्धत) दिसतं का. उपकेंद्रात बहुधा तीन पिढ्यांचे रिले एकत्र नांदत असतात.

नव्यांना एनटीपी किंवा त्याचं हलकं रूप एसएनटीपी समजतं. मधल्या पिढीला आयआरआयजी-बी लागतं, म्हणजे घड्याळापासून वेगळी दोन तारांची शील्डेड केबल, तीवर दर सेकंदाला १०० बिटांची एक चौकट. यात एक गोम आहे: जुन्या आयआरआयजी-बी संकेतात वर्ष नसतंच. दिवस, तास, मिनिट, सेकंद बरोबर आणि वर्ष मात्र रिलेच्या मनाचं. घड्याळाच्या सेटिंगमध्ये आयईईई १३४४ चं विस्तारित रूप निवडलं की वर्षही जातं, पण रिलेलाही ते वाचता यायला हवं. तिसरी पिढी फक्त सिरियलवर बोलणारी. तिला आरटीयूकडून (उपकेंद्रातल्या नोंदी गोळा करून नियंत्रण केंद्राला पाठवणाऱ्या यंत्राकडून) मॉडबस किंवा आयईसी ६०८७०-५-१०३ प्रोटोकॉलनं वेळ लावावी लागते, तिथे १०-२० मिलिसेकंदांच्या आत येण्याची अपेक्षा ठेवू नका.

हीच वही पुढे कामाला येते. प्रत्येक रिलेची दाखवलेली वेळ आणि त्याच क्षणी मोबाईलवरची वेळ, दोन्ही लिहून ठेवा. फरक किती, यावरून बरंच कळतं. ते पुढे येईलच.

अँटेना: स्वस्त वस्तू, महागडी चूक

सगळ्यांना वेळ देणारं घड्याळ म्हणजे जीपीएस नाहीतर नाविक या भारतीय उपग्रहांचे सिग्नल घेणारा रिसीव्हर, आत चांगला ऑसिलेटर आणि बाहेर एनटीपी, आयआरआयजी-बी वगैरे. डब्बा कुठलाही घ्या, तो क्वचितच बिघडतो. बिघडते ती अँटेना, तिची केबल आणि तिचं अर्थिंग.

जागा कंट्रोल रूमच्या गच्चीवर, चारी बाजूंनी आकाश मोकळं. एखादी बाजू झाकणं भागच असेल तर उत्तरेची झाकली तरी चालेल, दक्षिण मोकळी ठेवा. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या आहेत, त्यामुळे आपल्या अक्षांशावर उत्तरेच्या क्षितिजाकडे आकाशाचा एक तुकडा उपग्रहांविना राहतो. पहिल्यांदा जागा ठरवायला चार उपग्रह लागतात. एकदा जागा पक्की झाली की निव्वळ वेळेसाठी एकही पुरतो. म्हणून 'दोनच उपग्रह दिसतात' म्हणून घाबरू नका, पण पहिल्या दिवशी दोनच दिसत असतील तर जागा बदला.

आता वीज. आपली नव्हे, आभाळातली. एप्रिल-मेपासून आपल्याकडे वळवासोबत ती पडायला लागते आणि दर वर्षी माणसं-जनावरं जातात. गच्चीवरचा पाईप म्हणजे तिला आमंत्रणच. म्हणून अँटेना कधीही सगळ्यात उंच ठेवू नका, उपकेंद्राच्या लायटनिंग मास्टच्या छायेत ठेवा. केबल इमारतीत शिरते तिथेच सर्ज अरेस्टर बसवा आणि त्याचं अर्थिंग आखूड, सरळ पट्टीनं उपकेंद्राच्या अर्थ ग्रिडलाच जोडा. ठेकेदाराला वेगळा खड्डा मारून 'स्वतंत्र अर्थिंग' द्यायची हौस असते. तो खड्डा आणि ग्रिड यांच्यात वीज पडताना हजारो व्होल्टांचा फरक येतो आणि तो फरक रिसीव्हरमधून वाट काढतो. शिवाय आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडून ती इलेक्ट्रोडपासून सुटते, एकट्या खड्ड्याचा रोध मे महिन्यात कुठल्या कुठे जातो. नेमकी तीच वळवाची वेळ.

केबल जीआय पाईपमधून घ्या. माकडांसाठी म्हणतोय, गंमत नाही. एका उपकेंद्रात वानरांनी आठ दिवसांत दोनदा अँटेना वाकवली, कारण शेजारच्या चिंचेवरून उडी मारायला तोच पाईप सोयीचा होता. जोडावर स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळा, भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली एक लोंबता वळसा द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. केबलीत दर मीटरला ४ ते ५ नॅनोसेकंद जातात. ३० मीटरला दीडशे. एनटीपीसाठी ते विसरून जा, पीटीपी असेल तरच घड्याळात तो आकडा भरा.

लॉक येत नसेल, म्हणजे घड्याळ उपग्रहांशी जुळत नसेल, तर कंपनीला फोन करण्याआधी एक करा: अँटेनाकडचं टोक सोडवा आणि मल्टिमीटरनं मधली तार ते जाळी मोजा. घड्याळ अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला केबलीतूनच साधारण ५ व्होल्ट डीसी पुरवतं, काही ठिकाणी ३.३. तिथे शून्य असेल तर केबल किंवा अरेस्टर गेलाय. व्होल्टेज आहे आणि तरीही उपग्रह नाहीत, तर अँटेना. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

घड्याळाला पुरवठा स्टेशन बॅटरीवरून द्या, ३० व्होल्ट असो की ११०. मी एक घड्याळ कंट्रोल रूमच्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर पाहिलंय, त्याच्याच बोर्डावर कुलर. कुलर लावायला घड्याळाची पिन निघायची.

एनटीपी नेमकं काय करतं

डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तशीच चालते, आणि ती समजल्याशिवाय तिच्या चुका समजत नाहीत. घड्याळाला नुसतं 'किती वाजले' विचारून भागत नाही, कारण उत्तर वाटेत असताना वेळ पुढे सरकते. म्हणून चार वेळा टिपल्या जातात.

समजा रिलेच्या घड्याळात १०:००:००.००० वाजता त्यानं प्रश्न पाठवला. सर्व्हरला तो त्याच्या घड्याळानं १०:००:००.१२० ला मिळाला. सर्व्हरनं १०:००:००.१२१ ला उत्तर सोडलं. रिलेला ते स्वतःच्या घड्याळानं १०:००:००.००५ ला मिळालं. रिलेच्या हिशोबानं सगळी फेरी ५ मिलिसेकंदांची, त्यातला १ सर्व्हरकडे गेला, म्हणजे वाटेत ४. आता जाताना दिसलेला फरक १२०, येताना दिसलेला फरक १२१ वजा ५ म्हणजे ११६. दोघांची सरासरी ११८. रिले ११८ मिलिसेकंद मागे आहे.

हा हिशोब एकाच गृहीतावर उभा आहे: जायला जेवढा वेळ, तेवढाच यायला. उपकेंद्रातल्या स्विचवर ते खरं असतं. गावाकडच्या ४जी मॉडेमवर अजिबात नसतं. जाताना ८० मिलिसेकंद आणि येताना २० लागले, तर निम्मा फरक, म्हणजे ३० मिलिसेकंद, सरळ चुकीच्या रूपात रिलेत जाऊन बसतो. रिले मात्र आनंदानं 'सिंक्रोनाइज्ड' दाखवतो. म्हणून लांबच्या सर्व्हरकडून मोबाईल नेटवर्कवरून वेळ आणायची आणि घटनाक्रम मिलिसेकंदात लिहायचा, हे सोंग करू नका. घड्याळ उपकेंद्रातच हवं.

नेटवर्क आणि रिलेची सेटिंग

एक औद्योगिक स्विच, उन्हाळा सोसणारा. यार्डातल्या किऑस्कपर्यंत तांब्याची केबल ओढू नका, फायबर घाला. फॉल्टच्या वेळी जमिनीचं पोटेन्शियल उसळतं आणि तांब्यावरून पोर्टापर्यंत येतं. सगळ्यांना ठरलेले आयपी पत्ते द्या, समजा घड्याळाला १९२.१६८.१०.५, आणि तो पत्ता घड्याळाच्या दर्शनी भागावर चिकटवा. यूडीपीचं १२३ नंबरचं पोर्ट स्विचच्या किंवा फायरवॉलच्या नियमात अडलेलं नाही ना ते बघा.

रिलेत भरायचं ते एवढंच: सर्व्हरचा पत्ता, दुसरं घड्याळ असेल तर त्याचा पत्ता, विचारण्याचा कालावधी (६४ सेकंद ठीक), टाइम झोन, आणि डेलाईट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची परदेशी रीत) बंद. शेवटचे दोन सोपे वाटतात आणि तिथेच सगळे घसरतात.

एनटीपी नेहमी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देतं. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास. हा अर्धा तास जगातल्या बऱ्याच यंत्रांच्या डोक्यात बसत नाही. कुठे +५.५ भरावं लागतं, कुठे +०५:३०, कुठे मिनिटांत ३३०. काही जुन्या यंत्रांत पूर्ण तासच भरता येतात. मग कुणीतरी शक्कल काढतं: घड्याळालाच सांगायचं की एनटीपीवर भारतीय वेळ सोड, आणि रिलेत झोन शून्य ठेव. एका रिलेपुरतं हे चालतं. पण त्याच घड्याळावर दुसरा शहाणा रिले असतो, तो आपले साडेपाच तास पुन्हा मिळवतो आणि यूटीसीच्या ११ तास पुढे जातो. घड्याळ यूटीसीवरच ठेवा. ज्या यंत्राला अर्धा तास जमत नाही त्याला आयआरआयजी-बीवरून स्थानिक वेळ द्या, नाहीतर ते यूटीसीवरच राहू द्या आणि पॅनलवर ठळक लिहून ठेवा.

आता जाता जाता. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि परभणी ७६.८ च्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून २३ मिनिटं झालेली असतात. ऑपरेटर काकांचे वडील सावलीवरून वेळ सांगायचे म्हणे. ते चुकत नव्हते, ते वेगळ्या टाइम झोनमध्ये होते.

आरटीयू किंवा गेटवे लिनक्सवर असेल तर त्यात एनटीपीडी किंवा क्रॉनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम चालवा. एनटीपीडीची एक सवय लक्षात ठेवा: फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त दिसला तर ती वेळ न लावता स्वतःच बंद पडते. म्हणून नवीन यंत्राला आधी हातानं जवळपासची वेळ द्या, मग तिच्या ताब्यात द्या. आणि सर्व्हरचा स्ट्रॅटम, म्हणजे मूळ वेळेपासून तो किती पायऱ्या लांब आहे तो आकडा, बघत चला. उपग्रहांशी जुळलेलं घड्याळ १ दाखवतं. १६ म्हणजे 'माझ्यावर विश्वास ठेवू नका'. काही साधे रिले तो आकडा वाचतच नाहीत आणि चुकीची वेळही गिळतात. अँटेना काढून कुठला रिले कसा वागतो ते एकदा बघून ठेवा.

उपकेंद्राचं नेटवर्क इंटरनेटला जोडून बाहेरचा सर्व्हर वापरायचा मोह टाळा. नियंत्रण केंद्रातल्या संगणकांची गोष्ट वेगळी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्यांनी एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी वेळ जुळवायची आहे. भारतीय प्रमाणवेळ सांभाळते तीच प्रयोगशाळा.

वेळेचा मालक एकच

या लेखातलं एकच वाक्य कुणी लक्षात ठेवणार असेल तर हे ठेवा: एका यंत्राला दोघांनी वेळ सांगायची नाही.

एका ठिकाणी सगळं चोख बसवलं होतं. तरी आरटीयूच्या नोंदी दर दहा मिनिटांनी जवळपास अर्धा सेकंद उडी मारायच्या, मग परत जागेवर. घड्याळ तपासलं, स्विच तपासला, अँटेना उतरवून पुन्हा चढवली. दोन दिवस गेले. शेवटी वायरशार्क लावून नेटवर्कवरचे पॅकेट बघितले तेव्हा दिसलं की नियंत्रण केंद्राकडून आयईसी ६०८७०-५-१०४ प्रोटोकॉलवर दर दहा मिनिटांनी घड्याळ लावण्याची आज्ञा येतेय, टाइप १०३ ची. तिकडच्या सर्व्हरची वेळ ढिली, शिवाय मोबाईलच्या वाटेची दिरंगाई. ती आज्ञा आरटीयूची वेळ बिघडवायची आणि मग एनटीपी बिचारं मिनिटाभरात सुधारायचं. आरटीयूत 'बाहेरची वेळ स्वीकारू नकोस' एवढं एक खूण-चौकोनी सेटिंग होतं. ते केलं, संपलं.

हीच गत मीटरची. हँडहेल्डनं (मीटर वाचायच्या हातातल्या यंत्रानं) एकानं वेळ लावायची, हेड-एंड सिस्टिमनं (मीटरचे आकडे दूरवरून गोळा करणाऱ्या सर्व्हरनं) दुसरी. मीटरची वेळ एकदम मागेपुढे केली की १५ मिनिटांचे एक-दोन ब्लॉक मोडतात आणि हिशोब करणारा डोकं धरतो. तिथे मालक हेड-एंडच ठेवा आणि हँडहेल्डवाल्याला वेळेला हात लावू देऊ नका.

पीटीपी, गरज असेल त्यांच्यासाठी

प्रोसेस बस असेल, म्हणजे सीटी-पीटीचे (करंट आणि व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे) आकडे नमुन्यांच्या रूपात इथरनेटवरून येत असतील, किंवा पीएमयू असेल तर आयईईई १५८८ ची पीटीपी लागते. वीज कंपन्यांसाठी तिचं रूप आयईसी ६१८५०-९-३ मध्ये २०१६ साली ठरलं. इथे वेळेचा शिक्का सॉफ्टवेअर न मारता थेट पोर्टावरचं हार्डवेअर मारतं, आणि वाटेतला प्रत्येक स्विच पॅकेट आपल्याकडे किती रेंगाळलं ते त्यात लिहून पुढे पाठवतो. अशा प्रत्येक स्विचला (त्याला ट्रान्सपरंट क्लॉक म्हणतात) ५० नॅनोसेकंदांच्या चुकीची मुभा, आणि असे पंधरा स्विच ओलांडूनही सगळी चूक १ मायक्रोसेकंदाच्या आत.

अट एकच पण कडक: वाटेतला एकही स्विच साधा नको. प्रोफाइल आणि डोमेन नंबर सगळीकडे सारखे. बाकी एनटीपीसारखं 'लावून बघू' इथे चालत नाही. ज्याला पाहिजे त्यानं खरेदीच्या आधीच स्विच उत्पादकाकडून कागद घ्यावा.

फरकावरून रोग ओळखा

वहीत लिहिलेले फरक आता काढा. वेळेची चूक क्वचितच आडवीतिडवी असते, तिचा आकडाच कारण सांगतो.

बरोबर साडेपाच तास मागे असेल तर झोन भरलेला नाही. साडेपाच तास पुढे असेल तर घड्याळ स्थानिक वेळ सोडतंय आणि रिले त्यात झोन मिळवतोय, मोबाईलच्या वेळेशी ताडून बघा. एकमेकांत ११ तास दिसले तर दोन यंत्रांत या दोन्ही चुका उलट्या दिशांना झाल्यात. बरोबर एक तासाचा फरक, विशेषतः मार्चनंतर उगवणारा, म्हणजे डेलाईट सेव्हिंग चालू राहिलंय.

१८ सेकंद पुढे? मग यंत्र यूटीसीऐवजी जीपीएसची वेळ दाखवतंय. जीपीएस लीप सेकंद मोजत नाही आणि १ जानेवारी २०१७ पासून ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. ३७ सेकंद पुढे असेल तर पीटीपी. ती आंतरराष्ट्रीय अणुवेळेवर चालते, आणि यूटीसीशी असलेला ३७ सेकंदांचा फरक ग्रँडमास्टर (पीटीपीचं मुख्य घड्याळ) वैध म्हणून पाठवत नाहीये किंवा रिले तो वापरत नाहीये.

तारीख साधारण १९ वर्षं साडेसात महिने मागे असेल तर तो जीपीएसच्या आठवड्यांचा घोळ. जीपीएस आठवडे १०२४ पर्यंतच मोजतं आणि पुन्हा शून्यावर येतं. असं ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झालं. जुन्या रिसीव्हरला फर्मवेअर द्या, नसेल मिळत तर तो बदला, सेटिंगनं तो बरा होत नाही. १ जानेवारी १९७० किंवा २००० दिसलं तर यंत्राचा पुरवठा गेला होता आणि आतला सेल किंवा कपॅसिटर संपलाय.

दिवसागणिक वाढणारा फरक म्हणजे जुळवणीच बंद आहे, रिले आपल्या क्रिस्टलवर चाललाय. साध्या क्रिस्टलची चूक दशलक्षात २० भाग धरली तरी दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर. आणि मे महिन्यात पत्र्याच्या कंट्रोल रूममध्ये क्रिस्टलचा स्वभाव आणखी बदलतो. आमच्या इन्कमरच्या रिलेचं हेच झालं होतं: कुणीतरी एकदा यूटीसीवर लावून दिलेला, आणि वर १६ सेकंद मागे पडलेला.

बटणाची परीक्षा

पडद्यावर 'सिंक' लिहिलंय म्हणून काम झालं असं मानू नका. मी करतो ते असं. परवानगी घेऊन, प्रत्येक रिलेचा एक मोकळा बायनरी इनपुट निवडतो. तो कुठल्याही ट्रिप लॉजिकला जोडलेला नाही हे सेटिंग फाईलमध्ये दोनदा बघतो, आणि त्याचं व्होल्टेज आपल्या बॅटरीशी जुळतं का तेही. मग एकाच एमसीबीवरून डीसी घेऊन, एका पुश बटणातून, सगळ्या रिलेंचे ते इनपुट आणि आरटीयूचा एक इनपुट समांतर जोडतो. दोन वेगळ्या पॅनलांचे डीसी इथे एकत्र मिसळू द्यायचे नाहीत. बटण दाबायचं, सोडायचं. पाच-सहा वेळा, मध्ये काही मिनिटं जाऊ देऊन. मग सगळ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडायच्या.

त्या परभणीच्या उपकेंद्रात पहिल्या दाबाला फिडर ११:२०:१५.४०२, इन्कमर .४०३, ३३ केव्ही बाजूचा .४०५ आणि आरटीयू .४१२ आला. पहिले तिघे ठीक, रिले आपले इनपुट काही मिलिसेकंदांच्या अंतरानं तपासतात. आरटीयूचे १० मिलिसेकंद मात्र दरवेळी तेवढेच. घड्याळ बरोबर होतं, इनपुटचा डिबाउन्स, म्हणजे संपर्क स्थिर होईपर्यंत थांबायचा वेळ, १० मिलिसेकंदांवर ठेवलेला होता आणि ते यंत्र डिबाउन्स संपल्यावर शिक्का मारत होतं. असा फरक घड्याळाच्या माथी मारू नका. फरक दरवेळी सारखा असेल तर इनपुट बघा, बदलता असेल तर वेळ बघा. आणि प्रत्यक्ष फॉल्टच्या नोंदी वाचताना हेही धरा की ट्रिपची आज्ञा आणि ब्रेकर उघडल्याचा संपर्क यांच्यात ब्रेकरचा स्वतःचा वेळ असतो, पन्नास-साठ मिलिसेकंद सहज.

शेवटी अँटेना काढा आणि घड्याळाचा अलार्म आरटीयूमार्फत नियंत्रण केंद्रात पोचतो का ते बघा. हा एक संपर्क जोडायला सगळे विसरतात. मग अँटेना मे महिन्यात मेलेली असते आणि कळतं दिवाळीत.

पुढची निगा

महिन्याच्या पहिल्या तारखेला लॉगबुकात एक ओळ: उपग्रह किती, स्ट्रॅटम किती, कुठल्याही दोन रिलेंची वेळ. रोहिण्या लागायच्या आत गच्चीवर जाऊन टेप, अरेस्टर आणि पाईप बघायचा. रिले बदलला की बटणाची परीक्षा पुन्हा. ७ फेब्रुवारी २०३६ ला एनटीपीचा ३२ बिटांचा सेकंदांचा गणक भरून शून्यावर येणार आहे, तेव्हा आज घेतलेले रिले पॅनलात असतीलच. निविदेत त्याबद्दल उत्पादकाचं लेखी उत्तर आत्ताच मागून ठेवा.

पुढच्या वळवात तो शेतीचा फिडर पुन्हा उडाला, इन्कमरसकट. फिडरच्या रिलेची ट्रिपची आज्ञा ०१:४७:३३.२०८ ला, इन्कमरची .५१६ ला, आणि त्या दोन्हींच्या मध्ये फिडरचा ब्रेकर उघडल्याची नोंदच नव्हती. ती आली .५९० ला. ब्रेकर ३८२ मिलिसेकंद घेत होता. सकाळी नऊ वाजता मेंटेनन्सची गाडी ग्रीस आणि ट्रिप कॉइल घेऊन आली. काकांना या खेपेला कुणी मोबाईलबद्दल विचारलं नाही.